दोन सह्यांच्या मधले दिवस

पळून जायचं ठरलं तेव्हा
पहिला प्रश्न माझ्या गुडघ्याचा होता.
इनास म्हणाला, पळायचं कशाला,
सव्वानऊची कदंब आहे की केप्याला.

मी बावन्न, तो छप्पन.
आडवं यायला आईबाप उरले नाहीत.
आहे एक मुलगा, मस्कतला,
दर शुक्रवारी विचारतो, औषधं घेतलीस ना,
आणि एक धाकटी जाऊ,
जिच्या खिडकीतून माझं दार नीट दिसतं.

पहिली सही बुधवारी.
कारकुनानं मान वर केली आणि उठून उभाच राहिला.
बाई, तुम्ही?
चौथीत याचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारता सुधारता
माझी लाल शाईची बाटली संपली होती.
नोटीस पंधरा दिवस फळ्यावर लावावी लागते, बाई,
कायदाच आहे.
कायदा आहे तर लाव, म्हटलं.
लावण्याआधी वाचून घेतली. एकही चूक नव्हती.
मग त्यानं ती टाचली
गुरांच्या लसीकरणाच्या भल्यामोठ्या पत्रकाखाली,
एक कोपरा तेवढा बाहेर,
त्यावर नुसती तारीख.

सरकारचं लग्न सरकार लावील.
आपलं आपण कसं लावायचं?
जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर यादी केली.
भटजी नको.
पाद्री नको: हे त्यानं खोडलं,
मग पुन्हा लिहिलं, अक्षर जरा हललेलं.
हिरवी साडी नको, ती एकदा झाली.
जेवण: देवकी विचारून सांगेल.
ह्यांना सांगायचं का?
या ओळीपुढे मी काहीच लिहिलं नाही.
शनिवारी इनास सिमिस्तेरीत जाऊन आला.
बोलला नाही. बुटावर मेणाचा थेंब होता.
रात्री मीही फोटोवरची धूळ पुसली,
आणि पुसता पुसता सांगून टाकलं.

शपथ काय घ्यायची, यावर चार दिवस गेले.
मला सुचत होतं ते सगळं
निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदासारखं.
पाचव्या दिवशी तो म्हणाला,
खांबावर चढण्याआधी आम्ही खालच्याला एकच विचारायचो,
लाइन बंद आहे?
तो हो म्हणाला की तारेला हात घालायचा.
तीस वर्षं मी दुसऱ्याच्या हो वर घरी परतलो.

मी पेन्सिल खाली ठेवली.

दुसरी सही शुक्रवारी.
कारकुनानं टाचण्या काढून नोटीस घडी घालून दिली,
ठेवा, म्हणाला, ऑफिसला दुसरी प्रत आहे.
तिथून रिक्षानं उसगाळीमळ,
कुशावतीच्या काठी, जांभ्याचा उघडा सडा,
ज्यावर कुणीतरी, कधीतरी,
बैल कोरले, हरणं कोरली,
आणि एक वाट कोरली, गोल गोल आत जाणारी.
शाळेत जेवण रांधणारी देवकी वेळीप साक्षीदार.
तिनं पदरातून अबोलीचा वळेसर काढला
आणि माझ्या अंबाड्यापाशी हात थांबवला.
चौदा वर्षं या केसांना नुसतं तेल ठाऊक.
माळ गं, म्हटलं, सुकतील.

बाटलीतलं पाणी ओतलं तशी वाट वर आली.
गुडघ्याखाली गोणपाट.
त्यानं बोट बाहेरच्या टोकाशी ठेवलं, मी मधोमध.
वळसे मोजले तर सात निघाले,
ते मी कुणाला सांगितलं नाही.
कातळ तापलेला, पाणी भराभर वाळत होतं,
रेषा मागून पुसत येत होत्या,
पुढचं सगळं बोटालाच ठाऊक.
लाइन बंद आहे? त्यानं विचारलं.
हो.
मग मी विचारलं. त्यानं जरा वेळ लावला,
तारेवरचा माणूस लावतो तसा. हो.

तेवढ्यात फोन.
देवकीनं तो माझ्या कानाशी धरला.
आई, औषधं घेतलीस ना?
घेतली रे, म्हटलं. जरा थांब हं,
सांगायचंय तुला काहीतरी,
एक वळण उरलंय.